शेवंताचा सिद्राम

गिरणीच्या पाळणाघरात मी नोकरीला लागले, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला पाण्याच्या माठाला हात लावायची बंदी केली. ‘दिवसभर कुणाकुणाच्या पोरांची घाण काढतेस आणि संध्याकाळी आमच्या माठात तांब्या बुडवतेस?’ असे त्यांचे म्हणणे. मी माझा वेगळा माठ घेतला. पुढे भवानी पेठेत वेगळी खोलीही घेतली. पाळणाघर मात्र सोडले नाही.

हा काळ एकोणीसशे तीसच्या आसपासचा. नवरा गेल्यावर मी सुईणीचे शिक्षण घेतले होते आणि सोलापुरातल्या एका गिरणीला तान्ह्या मुलांसाठी बाई हवी होती. आताच्या वाचकांना गिरणीत पाळणाघर कशाला, असा प्रश्न पडेल. वाइंडिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कांड्यांवर भरतात तिथे, सगळ्या बायकाच असत. त्यांची तान्ही पोरे पूर्वी तिथेच यंत्रांच्या मधल्या जागेत टोपलीत पडून असायची. त्यांच्या नाकातोंडात कापसाचे तंतू जात. म्हणून खात्याच्या मागे एक लांबट खोली बांधली, चुना दिला, छताच्या लोखंडी दांड्यांना झोळ्या टांगल्या, काही लाकडी पाळणे ठेवले आणि मला व दोन आयांना तिथे नेमले.

काम सोपे वाटते, पण तसे नव्हते. पहाटेचा भोंगा झाला, की बायका काखेत पोर घेऊन रांगेने येत. आम्ही प्रत्येक पोराचे अंग बघायचो, पुरळ बघायचो आणि पापणी वर करून डोळ्याची बाहुली बघायचो. बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी बारीक असली, की ओळखायचे, घरून अफू देऊन आणले आहे. आई नखाच्या टोकावर जरा अफू घ्यायची आणि पोराच्या जिभेला लावायची. पोर दिवसभर गाढ झोपे. दूध मागत नसे, रडत नसे आणि वाढतही नसे. अफू तोडली, की तेच पोर आठ-पंधरा दिवस असे किंचाळे, की ऐकणाऱ्याला वाटावे, आम्ही त्याला चिमटे घेतो आहोत. या पंधरवड्यात आईला धीर देऊन टिकवून धरणे हे माझे खरे काम. पोराला सांभाळणे त्यामानाने हलके.

गमतीही पुष्कळ होत्या. एक आजोबा रोज दाराशी येऊन चौकशी करीत, की आमच्या नातवाच्या झोळीत दुसऱ्या कुणाचे पोर तर नाही ना घातले? मी म्हणायची, ‘छे हो.’ आत सगळ्या पोरांना गिरणीचे एकसारखे पांढरे झबले. एक दिवस त्यांना आत बोलावले आणि म्हटले, ‘आजोबा, ओळखा तुमचा नातू.’ त्यांनी मोठ्या प्रेमाने एका तेलंगी विणकराचे पोर उचलले आणि त्याचा मुका घेतला. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी अशाच गमतीजमती मागितल्या आहेत. पण लिहायला बसले की एकच मुलगा पुढे येऊन उभा राहतो. तेव्हा त्याचेच सांगते.

त्याचे नाव सिद्राम. आई शेवंता वाइंडिंग खात्यात, बाप मारुती त्याच गिरणीत मागावर. शेवंता उंच, काळीसावळी, हाताला विलक्षण चपळ बाई. सिद्राम पहिल्यांदा आला तेव्हा साडेतीन वर्षांचा असेल. पाळणाघरात पाच वर्षांपर्यंतची मुले घेत. दिसायला इतका देखणा, की आमच्या एका आयेने लगेच बोटे मोडून त्याची दृष्ट काढली. तिने हात लावला मात्र, त्याने तिच्या अंगठ्याला असा चावा घेतला, की रक्त आले.

शेवंताने तिथेच, सगळ्या बायकांच्या देखत, त्याच्या पाठीत धपाटे घातले. मी तिचा हात धरला.

“मारू नकोस. त्याला कळत नाही.”

“मग काय करू बाई?” ती दम लागलेल्या आवाजात म्हणाली. “मारलं तर म्हंत्यात कसाब हाय. न्हाय मारलं तर म्हंत्यात आईनंच लाडावून ठिवलंय. तुमीच सांगा, कुनाचं ऐकू?”

सिद्राम बोलत नसे. ‘आई’ही म्हणत नसे. हाक मारली तर वळून बघत नसे, त्यामुळे मला आधी वाटले बहिरा आहे. पण गिरणीचा भोंगा झाला, की तो जमिनीवर पडून भिंतीवर डोके आपटायला लागे. म्हणजे ऐकू येत होते, आपल्याहून जास्तच येत होते. दुसऱ्या मुलांचे रडणे त्याला सहन होत नसे. कुणी रडले, की तो जाऊन त्याला चावायचा. तान्ह्या मुलांच्या खोलीत हे केवढे संकट, ते सांगायला नको. त्याला फक्त एक गोष्ट आवडे. पितळेची वाटी फरशीवर भोवऱ्यासारखी फिरवायची आणि ती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. त्या वेळी तो नाकातून बारीक आवाज काढी आणि त्याच्या तोंडावर असे सुख दिसे, की आम्ही हातातले काम टाकून बघत उभ्या राहायचो.

हल्ली डॉक्टर लोक अशा मुलांच्या दुखण्याला काही नाव देतात म्हणे. तेव्हा आमच्याकडे तीनच नावे होती. वेडा, बाधा झालेला, नाहीतर आईने बिघडवलेला.

पहिल्या आठवड्यात आंघोळ घालताना मी त्याचे पोट पाहिले. बेंबीभोवती डागांच्या गोल खुणा होत्या. लोखंडाची सळई तापवून दिलेले डाग.

संध्याकाळी शेवंता न्यायला आली, तेव्हा मी विचारले. ती खाली बघून म्हणाली, “सासूनं नेलं हुतं एका बाबाकडं. भूत निगंल म्हनली. भूत काय निगालं न्हाय, पोरगं मातर माझ्याजवळ यायचं बंद झालं. मी तितं हुते न्हवं, त्याचं पाय धरून.”

तिने पाय धरले ते पोर बरे व्हावे म्हणून, हे मला दिसत होते.

माझ्याजवळ काही इलाज नव्हता. पुस्तकात असे मूल नव्हते. मग आम्ही त्याच्याकडे बघूनच शिकायला लागलो. गर्दीच्या वेळी आला, की बिथरतो, असे ध्यानात आले. म्हणून शेवंताला सगळ्यांच्या आधी यायला सांगितले. भोंगा व्हायच्या थोडे आधी त्याला कोपऱ्यात न्यायचे, घोंगडीत घट्ट गुंडाळायचे आणि दोन्ही कानांवर हात ठेवून बसायचे. घोंगडी सैल असली, की उपयोग नसे. घट्ट आवळली, की तो शांत होई. त्याला एकाच जागेवर, एकाच वाटीत पेज द्यायची. जागा बदलली, की दिवस वाया. हे सगळे मी शेवंताला सांगितले, तिने मारुतीला सांगितले आणि तो अबोल माणूस माझ्याकडे घोंगडी कशी गुंडाळायची ते बघायला आला. बायकांच्या खोलीत यायला तो लाजत होता. दारातच उभा राहून, मान वाकडी करून त्याने सगळे पाहिले.

“म्हंजी पोतं बांदतात तसं,” तो म्हणाला.

“तसंच, पण तोंड उघडं ठेवा,” मी म्हटले. तो हसला. त्याला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले.

असे सात-आठ महिने गेले असतील. चावणे कमी झाले, बंद झाले नाही. डोके आपटणे कमी झाले. एका संध्याकाळी शेवंता त्याला न्यायला आली आणि सुटीचा भोंगा व्हायची वेळ झाली होती. मी घोंगडी आणायला वळले. तेवढ्यात सिद्राम शेवंताजवळ गेला, तिचा हात मनगटाला धरून वर ओढला आणि आपल्या कानावर ठेवला. मग दुसरा हात ओढून दुसऱ्या कानावर.

भोंगा झाला, थांबला. शेवंता हात काढीना. बाकीच्या बायका पोरे घेऊन निघून गेल्या तरी ती तशीच वाकून उभी. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

त्या रात्री म्हणे तिने घरी गोड केले आणि शेजारीपाजारी वाटले. ‘कशाबद्दल?’ असे विचारल्यावर तिला सांगता येईना. ‘पोरानं माझा हात धरला’ हे का पेढे वाटण्यासारखे कारण आहे? लोक हसले असतील.

पुढे जे झाले त्यात कुणाचाच दोष नव्हता, म्हणून ते जास्त लागते.

उन्हाळ्यात एका दुपारी गिरणीच्या कापसाच्या गोदामाला आग लागली. आग लहानच होती, लवकर विझली. पण लोकांना बोलावण्यासाठी भोंगा वाजवला तो अवेळी आणि थांबवलाच नाही. मी दुसऱ्या टोकाला एका मुलाला औषध पाजत होते. आमच्या दोघी आया दाराकडे धावल्या होत्या. सिद्राम किंचाळत उठला आणि समोर दिसेल त्यावर जाऊन आदळला. त्याच्या धक्क्याने एक लाकडी पाळणा उलटला. त्यात नरसम्मा नावाच्या तेलंगी बाईची मुलगी होती, सहा महिन्यांची. तिचे कपाळ फरशीवर आपटून फुटले.

पोर वाचले, जखम भरली. पण नरसम्मा त्या दिवशी त्या रक्ताळलेल्या पोराला छातीशी धरून बसली होती आणि तिच्याभोवती पन्नासभर बायका उभ्या होत्या. ती भांडली नाही. मला म्हणाली, “बाई, त्याचा वर माझा राग नाही. पण उद्या मी पोर इथे ठेवते, तर माझा हात कामावर चालेल का?”

मी गिरणीच्या कचेरीत गेले.

कामगारांचे बघणारे साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि माझे सगळे ऐकून घेतले. मी म्हटले, त्याच्यासाठी एक आया वेगळी द्या, मी त्याला खोलीच्या बाहेर पडवीत ठेवीन.

“बाई,” ते म्हणाले, “इतक्या पोरांची जबाबदारी तुमच्यावर आहे. उद्या एखादे पोर दगावले, तर लोक पाळणाघरात मुले आणणेच बंद करतील. मग पुन्हा टोपल्या, पुन्हा अफू. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

शेवंतानेही मला हेच विचारले होते, वेगळ्या शब्दांत नरसम्मानेही. त्या नोकरीत मला हा प्रश्न फार लोकांनी विचारला.

सिद्रामला आता पाळणाघरात घेता येणार नाही, हे शेवंताला मीच सांगितले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळू नये, असे मला वाटले. ती पायरीवर बसली होती. तिने सिद्रामच्या अंगातले गिरणीचे झबले काढले, घडी केली आणि माझ्या हातात दिले.

“घाल ना, राहू दे त्याला,” मी म्हटले.

“नगं बाई. तुमचं हाय त्ये.”

मला आठवड्यातून एकदा मुलांच्या घरी जावे लागे. पंधरा दिवसांनी मी शेवंताच्या चाळीत गेले. रविवार होता, तरी तिला यंत्र साफ करायला बोलावले होते. शेजारणीने दार उघडले. सिद्राम मेढीला, म्हणजे खोलीतल्या लाकडी खांबाला, बांधलेला होता. कमरेला सुताची जाड दोरी आणि ती त्याला टोचू नये म्हणून खाली फडके गुंडाळलेले. त्याने मेढीवर डोके आपटू नये म्हणून मेढीलाही गोधडी बांधली होती. बांधणाऱ्या हातांनी एवढा विचार केला होता, हे मला सहन झाले नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा दोरी नव्हती. सिद्राम पटकुरावर झोपला होता. शेजारीण कौतुकाने म्हणाली, “आता लई शाना झालाय की हो! आवाज न्हाय, काय न्हाय. देवच पावला म्हना की.”

मी खाली बसून त्याची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

शेवंता कामावरून येईपर्यंत मी तिथेच थांबले. तिने मला बघितले, पोराकडे बघितले आणि तिला समजले.

“शेवंता, तुला मी काय सांगितलं होतं?”

“सांगितलं हुतं.”

“मरेल तो.”

ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरे वाटले असते. “बाई, चाळीतली मानसं म्हंत्यात खोली खाली करा. काम सोडलं तर चुलीत काय घालू? आन् बांदून ठिवलं की त्यो दोरी चावतोय, तोंडातनं रगत येतंय. झोपलेला असतोय तवा त्याला दुकत तरी न्हाय. सांगा, मी काय करू? तुमी सांगाल त्ये करते.”

मी त्याला सिव्हिल इस्पितळातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, जिभेखाली पाहिले, गुडघ्यावर टिचकी मारली. म्हणाले, अशा मुलांसाठी आपल्याकडे काही सोय नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येईल, पण तिथे सगळी मोठी माणसे असतात, मी स्वतःच्या मुलाला ठेवणार नाही. शाळेच्या मास्तरांना विचारले, मठातल्या स्वामींना विचारले, अनाथ मुलांच्या एका संस्थेला विचारले. सगळीकडे लोक हळहळले.

मग मारुतीने ठरवले. त्याने मला येऊन सांगितले, तेही पाळणाघराच्या दारात उभे राहूनच.

“बाई, मी गिरनी सोडतो. ही जाईल कामाला. मी घरी हातमाग टाकतो, एका कारखानदारानं द्यायचं कबूल केलंय. पोरगं माझ्याजवळ ऱ्हाईल.”

आज हे वाचून कुणाला विशेष वाटणार नाही. त्या काळी बायको गिरणीत आणि नवरा घरी पोर सांभाळतो, हे ऐकून गिरणीच्या फाटकावर पुरुष टाळ्या देऊन हसत. कुणी त्याच्या दाराशी बांगड्या टाकल्या. त्याच्या आईने, त्या डाग द्यायला लावणाऱ्या म्हातारीने, गावाकडे जाऊन पुन्हा सोलापुरात पाऊल ठेवले नाही.

मारुतीने सिद्रामची अफू तोडली. तान्ह्या पोराची तोडणे वेगळे, पाच वर्षांच्या तापट मुलाची वेगळे. चाळीतल्या लोकांनी खोली खाली करायला लावली. ती दोघे गावाबाहेर तलावाकडे एका पडीक कोठीत राहायला गेली. मी जमेल तेव्हा जात असे. एकदा गेले, तर मारुतीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चाव्यांच्या खुणा होत्या, काही सुजलेल्या, काही काळ्या पडलेल्या. पोर त्याच्या मांडीत घोंगडीत आवळलेले होते आणि तो मागेपुढे डुलत होता. मला म्हणाला, “बाई, जरा पानी पाजा. सकाळधरनं उटाय आलं न्हाय.”

ते दिवस सरले. हातमाग आला. आणि आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते ते घडले. मागाच्या खटखटीला सिद्राम भ्याला नाही. मागाच्या शेजारी बसून तो धोट्याचे इकडून तिकडे जाणे बघत राहिला. सकाळी बसला, की दुपारपर्यंत हलत नसे. माग थांबला, तर बापाच्या मांडीवर चापट मारी. चालव, म्हणून. मारुती थकला तरी विणीत राही. त्याने त्या वर्षांत जितकी लुगडी विणली, तितकी कुठल्याही धडधाकट विणकराने विणली नसतील, असे कारखानदार म्हणत असे. पोराने विणून घेतली.

अशी तीनेक वर्षे गेली. सुखाची म्हणावीत का, ते मला सांगता येत नाही. सिद्राम वाढला तसा त्याचा जोरही वाढला. शेवंताच्या कपाळावर, गालावर नेहमी काहीतरी ओरखडा असे. खात्यातल्या बायका म्हणत, नवरा मारत असेल. ती ते खोडून काढीत नसे. पोराचे नाव निघण्यापेक्षा नवऱ्याचे निघालेले बरे, आणि नवऱ्याचीही त्याला हरकत नव्हती. पण रात्री दोघांना एकच विचार, हे तिने मला सांगितले. आपल्यामागे याचे कसे? “रोज देवाला म्हंते, आमच्या आदी एक दिस त्याला ने. आन् म्हनून झालं की सोताच्या थोबाडीत मारून घेते,” ती म्हणाली.

आठ वर्षांचा असताना त्याला ताप आला. मुदतीचा ताप, ज्याला आता टायफॉइड म्हणतात तो. त्या पावसाळ्यात शहरात तापाची साथच होती. मी रजा काढून गेले. पाण्याच्या पट्ट्या, भाताची पेज, दुसरे काय होते तेव्हा? डॉक्टर येऊन गेले, आतड्याला जपा म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात मी दुपारी पोचले, तर कोठीत माग बंद होता. मारुती दाराबाहेर उकिडवा बसला होता. आत सिद्राम शेवंताच्या मांडीवर डोके ठेवून निजला होता आणि ती त्याच्या केसांतून बोटे फिरवीत होती. इतक्या वर्षांत मी त्याला कुणाच्या मांडीवर असा सैल पडलेला पाहिला नव्हता. घोंगडीशिवाय त्याला धरताच येत नसे. आता अंगात ताकदच नव्हती.

मी पट्टी बदलली. शेवंता माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, एक बोलू? मला पाप लागंल. पन ह्ये चार दिस मला बरं वाटलं.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आट वरसं झाली बगा. असं मांडीवर घिऊन बसायचं राह्यलं हुतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मारुतीने त्याला त्याच्याच घोंगडीत बांधले. नीट, घट्ट, तोंड उघडे ठेवून. लोकांनी सांगितले, तोंड झाका आता. तेव्हा त्याला समजले.

लोक समाचाराला आले ते ‘सुटलात बाबा’ असे म्हणत आले. वाईट हेतू नव्हता कुणाचा. मीही मनात म्हटले असेल. ज्यांची सुटका झाली असे सगळे म्हणत होते, ती दोघे भिंतीला टेकून बसली होती आणि माग बंद असल्यामुळे त्या कोठीत फार शांत होते. मारुतीने तो माग पुन्हा चालवला नाही. कारखानदाराला परत दिला आणि गिरणीत गेला. बोलत तो पूर्वीही कमीच असे.

शेवंताला वाइंडिंग खात्यात उभे राहवेना. हात चालत, पण मध्येच थांबून ती यंत्राकडे बघत राही, आणि तिथे तसे बघत राहणे धोक्याचे असते. आमच्याकडची एक आया काम सोडून गेली होती. मी साहेबांना विचारून शेवंताला तिच्या जागी घेतले. काही बायकांनी कुरकुर केली. जिने स्वतःच्या पोराला अफू दिली, तिच्या हाती आमची पोरे द्यायची? नरसम्मा त्यांना तेलंगीत काहीतरी बोलली आणि कुरकुर थांबली. काय बोलली, ते मी कधी विचारले नाही. तिची मुलगी तोवर चार वर्षांची झाली होती. तिच्या कपाळावरच्या व्रणावर नरसम्मा कुंकू मोठे लावी.

शेवंता पंधरा-वीस वर्षे माझ्याबरोबर होती. हट्टी, चावरे, रात्रंदिवस रडणारे पोर आले, की आपोआप तिच्याकडे जाई. ती त्यांना शिस्त लावीत नसे, लाडही करीत नसे. नुसती जवळ बसे आणि बघत राही. बाहेरच्या कुणाला वाटावे, ही बाई रिकामी बसून पगार खाते.

एक प्रसंग सांगते आणि थांबते. खात्यात नवीन लागलेली एक तरुण बाई होती, पंढरपूर रस्त्याकडच्या कुठल्या गावची. तिची तीन वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलाला चावली. त्या बाईने सगळ्यांदेखत मुलीला दोन थपडा दिल्या आणि तिसरीसाठी हात उचलला. शेवंताने मध्ये जाऊन मुलीला काखेत घेतले.

“मारू नगं,” ती म्हणाली. “मी लई मारून बगितलंय.”

ती बाई लाजेने लाल झाली होती. तिरसटपणे म्हणाली, “आन् मारायचं सोडल्यावर? झालं का बरं तुजं पोरगं?”

मी मुलांची वजने घेत होते. तिला गप्प करावे, असे मला वाटले. पण शेवंताने रागावल्यासारखे काही दाखवले नाही. प्रश्नाचा विचार केल्यासारखे करून म्हणाली,

“न्हाय. बरं झालं न्हाय. पन मला वळकत हुतं.”

त्या तरुण बाईला यात काही विशेष वाटले नाही. उशीर झाला, तर मुकादम बोलेल, एवढेच तिच्या डोक्यात होते. पदर खोचून ती खात्याकडे पळाली.